उजवीकडच्या कोपऱ्यातली जागा

९ जानेवारी

प्रिय ताई,

फोनवर सांगता येत नाही म्हणून ई-मेल लिहितोय. मी तुझ्याशी बोलायला लागलो की आई शेजारी येऊन उभी राहते, आणि तिच्याबद्दल काही निघालं की तिला ते बरोबर कळतं. बाकी काही कळो न कळो.

आईचे कॉल मध्येच बंद का झाले आणि आता पुन्हा का सुरू झाले, असं तू विचारलं होतंस. कारण ऐकून हसशील. बाबांच्या कॉम्प्युटरला मी अधूनमधून माझा मोठा स्क्रीन जोडतो, पुस्तकांची पानं लावायला मला तो लागतो. काम झालं की काढतो. पण काढला रे काढला की डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन भेदरलेल्या शेळ्यांसारखे डावीकडे गोळा होतात. तुझा फोटो लावलेला आयकॉन, ज्याच्यावर क्लिक केलं की तुला व्हिडिओ कॉल लागतो, तोही त्या कळपात जातो. आणि आई आपली उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात माउस नेऊन रिकाम्या जागेवर क्लिक करत बसायची. मी म्हणायचो, अगं, ही काय ताई इकडे, ढळढळीत दिसतेय. ती फोटोकडे बघायची, ‘छान आहे मुलगी’ म्हणायची आणि पुन्हा कोपऱ्यात क्लिक.

आधी मला वाटलं, हट्टीपणा. मग एकदा तिचा हात बघितला आणि डोक्यात प्रकाश पडला. आईनं छापखान्यात उभा जन्म अक्षरांचे खिळे जुळवले. नजर समोरच्या कागदावर आणि हात खणांमधून फिरतोय, असं तिला आपण किती वेळा बघितलंय! ‘क’चा खण कुठे, असं विचारलं तर तिला सांगता यायचं नाही, हवेत हात नेऊन दाखवायची. आता तिचं तसंच झालंय. चेहरे गेले, नावं गेली. मलासुद्धा ती ‘फोरमन’ म्हणते आणि मी आलो की उगाच कामात असल्यासारखं करते. पण हाताला जागा ठाऊक आहेत. तू तिच्या लेखी उजवीकडचा वरचा कोपरा आहेस. तुझ्या फोटोशी आणि नावाशी तिला काही घेणंदेणं नाही. माझ्यावर रागावू नकोस, मी नुसता बघून सांगतोय.

म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कुठला आयकॉन डाव्या कडेपासून पडद्याच्या किती ठिपक्यांवर, म्हणजे पिक्सेलवर, आणि वरून किती ठिपक्यांवर आहे, हे तो लक्षात ठेवतो. स्क्रीन बदलो, वीज जावो, काहीही होवो, कॉम्प्युटर सुरू झाला की तो एकेकाला कान धरून आपापल्या जागी नेऊन बसवतो. बाणाच्या कळा दाबल्या की एकेक ठिपका सरकवताही येतं. त्याचं नाव ‘जागेवर’. इंटरनेटवर फुकट ठेवलाय. एका गृहस्थानं लगेच तक्रार केली, की त्याची कचऱ्याची टोपली एक ठिपका खाली बसते. म्हणजे जगात माझ्यासारखे कामातून गेलेले अजून आहेत तर.

पहिल्याच दिवशी आईनं कोपऱ्यात क्लिक केलं आणि तू लागलीस. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं, पण तेव्हा पाणी आलं होतं आणि मला टाकी भरायची होती.

तुझा,
ठोंब्या


२ फेब्रुवारी

ठोंब्या,

तुझा प्रोग्रॅम फारच चांगला चालतो, तीच अडचण झालीय.

आई दिवसभर कॉल करते. एकदा बोलून ठेवलं की ठेवल्याचं विसरते आणि पुन्हा लावते. तुमच्या सकाळी माझी भर कामाची वेळ असते. माझे दोन्ही हात कवळ्यांच्या प्लास्टरमध्ये असतात. जबड्याचा साचा ओतला की तो कुणासाठी थांबत नाही. परवा आईचा कॉल आला म्हणून मी वळले आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी अशी काही झाली, की ती घालून ते कायम कुणालातरी वेडावताहेत असं वाटलं असतं. मालक काहीबाही बोलला.

आणि ती विचारते तेच. ‘हे तिकडे आलेत का?’ मी कधी म्हणते बाहेर गेलेत, कधी म्हणते झोपलेत. एकदा म्हटलं, दाढी करताहेत. बाबा गेले तेव्हा मी येऊ शकले नाही, तेव्हापासून मी त्यांना असं इकडे तिकडे पाठवत असते. मला रडू येत नाही. वाईटही वाटत नाही, आणि हे जरा विचित्र आहे, पण त्याचा विचार करायलाही मला वेळ नाही.

तर माझा आयकॉन तिथून हलव. दुसरीकडे कुठेतरी ठेव, म्हणजे तू लावून दिलास तरच लागेल. रविवारी आपण तिघं नीट बोलू. तिला कळायचं नाही, आणि कळलं तरी दोन दिवसांत विसरेल.

माझ्यावर चिडलास तर तसं लिही, मनात ठेवू नकोस.

ताई


५ फेब्रुवारी

ताई,

हलवला. खाली डावीकडे आहेस आता, कचऱ्याच्या टोपलीशेजारी. दुसरीकडे जागा नव्हती, गैरसमज नको.

चिडलो नाही. काल दिवसभर आई कोपऱ्यात क्लिक करत होती. थोडा वेळ थांबायची, हात पुसायची, पुन्हा करायची. विसरेल.

ठोंब्या


११ मार्च

ठोंब्या,

तुझं पत्र नाही. रविवारी कॉल लावलास तेव्हाही तू पाचच मिनिटं होतास आणि आई आत झोपली होती. त्याच्या आधीच्या रविवारीही झोपली होती. एवढी झोपते का ती आता?

इकडे शांत आहे. साचे चांगले येतायत. पहिल्या आठवड्यात मी सारखा फोन बघत होते, वाजला नाही तर उलट हात थांबायचा. आता तसं होत नाही. कालपरवा वाटलं, की ती खरंच विसरली. मीच म्हटलं होतं विसरेल म्हणून, आणि ती मुकाट्यानं विसरली. एरवी आयुष्यात तिनं माझं एक तरी ऐकलंय का?

तिनं एकदाही विचारलं नाही का रे माझ्याबद्दल? नसेल विचारलं तर तसं सांग. मला खोटं ऐकायचं नाही, मी स्वतः तिला पुष्कळ खोटं सांगितलंय, त्यामुळे मला ते लगेच ओळखू येतं.

ताई


१६ मार्च

प्रिय ताई,

खोटं ऐकायचं नाही म्हणतेस, तर ऐक.

ती तुला विसरलेली नाही. रोज तुझ्याशी बोलते. सकाळी एकदा, चहानंतर एकदा, आणि दिवेलागणीला तर बराच वेळ.

तुझा आयकॉन हलवल्यावर ती थांबेचना. रिकाम्या जागेवर क्लिक करून करून तिच्या बोटाचं टोक लाल झालं. मी माउस काढून घेतला तर टेबलावर नुसतंच बोट आपटायला लागली. शेवटी तिथे काहीतरी असावं म्हणून मी शोधायला लागलो. तुला आठवतं, पहिल्यांदा कॉल लावला तेव्हा आमच्याकडचा माईक चालत नव्हता? आवाज कुठे अडतोय ते बघायला मी तो कॉल रेकॉर्ड केला होता. नंतर पुसायचा राहून गेला.

त्यात तू नुकतीच अंघोळ करून आलीयस, केस ओले आहेत. ‘आई, दिसतेय का मी?’ विचारतेस आणि थांबतेस. ‘जेवलीस का?’ विचारतेस, थांबतेस, मान हलवतेस. मग म्हणतेस, ‘मला काही ऐकू येत नाहीये गं, पण तू बोल. मी बघतेय.’ आणि मग खरंच बघत बसतेस. मध्येच हसतेस, मध्येच हं करतेस. एवढं शांतपणे तू जन्मात कधी कुणाचं ऐकून घेतलं नसशील.

ते रेकॉर्डिंग मी कोपऱ्यात ठेवलं. बरोबर तुझ्या जागी, एका ठिपक्याचाही फरक नाही. तिनं क्लिक केलं, तू आलीस, ती बोलायला लागली. ‘हे तिकडेच आहेत ना?’ असं ती विचारते. तू मान हलवतेस. ती ‘बरं’ म्हणते आणि मग छापखान्यातल्या गोष्टी सांगते. खरी तू असताना ती हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची. आता एकदाच विचारते.

रविवारी ती झोपलेली नसते. तिचं तुझ्याशी बोलणं चालू असतं म्हणून मी दुसऱ्या खोलीतून तुला कॉल लावतो.

हे सांगायचं नव्हतं. तुला कशाला त्रास, असं वाटलं. म्हणजे खरं तर काहीच वाटलं नाही. घर शांत झालं होतं आणि मला तेवढं पुरत होतं.

आणि तुझा मालक काही बोलला नव्हता ना? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

ठोंब्या


१७ मार्च

ठोंब्या,

मला परत लाव. आजच्या आज. ते पुसून टाक.

मी जिवंत असताना माझ्या जागी माझं चित्र बसवलंस आणि वर एका ठिपक्याचाही फरक नाही म्हणून सांगतोस? लाज कशी वाटली नाही? मला राग आलाय. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलंय, म्हणून तो तसाच लिहून पाठवतेय.

मालकाशी मी बोलले. आईचा फोन आला की काम सोडून घेणार, असं सांगितलं. तो म्हणाला, घ्या की, मी कधी अडवलं?

ताई


४ एप्रिल

प्रिय ताई,

त्या दिवशी तुला पडद्यावर दिसलं तेवढं तुला माहीत आहे. पडद्याच्या अलीकडचं सांगतो.

मी रेकॉर्डिंग काढून तुला कोपऱ्यात बसवलं. आई आली, क्लिक केलं आणि तू दिसलीस. केस कापलेले, अंगावर तो पांढरा ॲप्रन. तू लगेच बोलायला लागलीस. ती बोलायला गेली की तू मध्ये बोलायचीस, तू थांबायचीस तेव्हा ती गप्प व्हायची. तिला ठाऊक असलेल्या जागी तू थांबतच नव्हतीस. तरी ती जरा वेळ बसली, पाहुण्यांसमोर बसतात तशी. मग तिनं बाबांचं विचारलं, आणि तू खरं सांगितलंस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. कधीतरी कुणीतरी सांगायला हवंच होतं, असं तुला वाटलं असणार.

तुला वाटलं असेल कॉल तुटला. तुटला नाही. तिनं बंद केला. माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, ‘फोरमन, या खणात भलताच खिळा पडलाय.’ कुणाचं नाव न घेता सांगितलं, कुणाला बोलणी बसू नयेत म्हणून. नवीन पोरं खिळे परत टाकताना चुकायची तेव्हा ती असंच सांगायची.

त्यानंतर ती कॉम्प्युटरपाशी आली नाही. खोलीच्या दारात यायची, टेबलाकडे बघायची आणि परत जायची. जेवण जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, अशा माणसांचं असं होतं. मी म्हटलं, बरं. मग तू पुसायला सांगितलेलं ते रेकॉर्डिंग मी पुसलं नव्हतं, ते परत लावलं. तुला विचारलं नाही. तू नको म्हणाली असतीस आणि मला तुझं ऐकावं लागलं असतं. एका सकाळी ती येऊन बसली, क्लिक केलं, ओल्या केसांची तू आलीस आणि ती म्हणाली, ‘कुठे होतीस गं इतके दिवस?’ त्या दिवशी नीट जेवली.

आता माझं ऐक. काल दूध उतू जात होतं आणि मी समोर उभा राहून ते बघत होतो. गॅस बंद करायला हवा हे कळत होतं. हात उचलला नाही. पानांच्या मांडणीत मी एरवी केसाइतका फरक पकडतो, परवा एक अख्खं प्रकरण उलट्या क्रमानं लावून पाठवलं. छापखान्यातले लोक चांगले आहेत, हसले आणि म्हणाले, थोडी विश्रांती घ्या. मला आईचा राग येत नाही, दयाही येत नाही, तुझाही राग येत नाही. मला काही दिवस कुठेतरी जाऊन नुसतं पडून राहायचंय.

तू ये. बोलायला नको येऊस, काम करायला ये.

ठोंब्या


३० एप्रिल

प्रिय ठोंब्या,

तू मित्राकडे राहायला गेल्यापासून एकही पत्र नाही, म्हणजे झोपतोयस असं धरून चालते. तुझा मित्र फोनवर म्हणाला, की खाणं आणि झोपणं सोडून तू काही करत नाहीस. उत्तम. सावकाश ये. मी मोठी रजा घेतलीय.

इकडचं सगळं ठीक आहे. दुधावर माझं लक्ष आहे. तुझ्या कपाटातले न जुळणारे मोजे मी फेकून दिले, आल्यावर बोंब मारू नकोस.

आईनं मला पहिल्या दिवशी दारातच विचारलं, ‘फोरमननी पाठवलं का?’ मी हो म्हटलं. तेव्हापासून मी ‘बाई’. तुम्ही आम्ही करून बोलते, पण कामात एक चूक खपवून घेत नाही. ताट कुठे ठेवायचं, पाण्याचा पेला कुठे, टॉवेल कुठल्या खुंटीला, सगळं ठरलेलं आहे आणि ते मला हळूहळू येतंय. काल अंघोळ घालताना तिनं माझा हात धरून बघितला, उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं आता ओळखणार. म्हणाली, ‘प्लास्टर नखात गेलंय, लिंबू लावा.’ मी लिंबू लावलं.

मी आले तेव्हा वाटत होतं, मला बघून तिला काहीतरी होईल. निदान मला तरी होईल. तसं काही झालं नाही. तिला खायला घालते, केस विंचरते, औषध देते आणि दिवस संपतो. तुला दूध बघत उभं राहावंसं का वाटलं असेल ते मला कळलं, फार विचार न करता कळलं.

परवा वीज गेली आणि आली, आणि तुझा तो गुणी प्रोग्रॅम रुसला. सगळे आयकॉन डावीकडे. आई कोपऱ्यात क्लिक करायला लागली. तुला फोन करणार होते, मग म्हटलं, झोपू दे. मीच बसले. खरी मी आणि रेकॉर्डिंगमधली मी, दोन्ही आयकॉन शेजारी शेजारी पडले होते, दोन्हींवर तोच फोटो. त्यातली रेकॉर्डिंगवाली उचलून कोपऱ्यात नेली. बाणाच्या कळांनी एकेक ठिपका सरकवत राहिले. आई मागे उभी राहून बघत होती. ‘जरासं वर,’ म्हणाली. ‘अजून. हां, बसला.’ मला त्या वेळी रडू आलं, पण थोडंच, आणि तिला दिसलं नाही.

आज दिवेलागणीला ती बोलायला बसली. मी नेहमीसारखी मागे स्टुलावर होते, कपड्यांच्या घड्या घालत. एकदम तिनं मला खूण केली, शेजारची खुर्ची ओढून दिली. पडद्याकडे हात करून म्हणाली, ‘ही माझी मुलगी. लांब असते. माणसांचे दात करते.’ मी म्हटलं, छान आहे. ‘बोला की तिच्याशी. सगळं ऐकून घेते.’

मी माझ्याकडे बघत बसले. शेवटी म्हटलं, आई बरी आहे, वेळेवर जेवते. मी मान हलवली. म्हणजे पडद्यातल्या मीनं.

रेकॉर्डिंग संपत आलं होतं. तू ते लिहिलं नव्हतंस, पण शेवटी मी म्हणते, ‘येते हं आई मी, लवकरच.’ म्हटलं असेन मी, फोन ठेवताना आपण म्हणतोच तसं. पडदा काळा झाला. आई माझ्याकडे वळली. चेहरा असा खुलला होता की काय सांगू.

‘ऐकलंत ना बाई? येतेय ती. ती येईपर्यंत राहाल ना तुम्ही?’

राहते म्हटलं.

तुझी,
ताई